दणका, फटकारले आणि ताशेरे

प्रश्न असा आला आहे : खड्ड्यांवरच्या सुनावणीची बातमी एकच. दुपारच्या पेपरात ‘पालिकेला हायकोर्टाचा दणका’, सकाळच्या दैनिकात ‘उच्च न्यायालयाने महापालिकेला फटकारले’, तिसरीकडे ‘न्यायालयाचे महापालिकेवर ताशेरे’. फरक फक्त शैलीचा समजायचा का?

शैलीचा तर आहेच. दुपारचा पेपर स्टॉलवर घडी घालून ठेवलेला असतो. त्याचा वरचा अर्धाच भाग दिसतो आणि गाडी पकडायला निघालेला माणूस तो चालता चालता वाचतो. म्हणून तिथे क्रियापद गळते, ‘उच्च न्यायालया’चे ‘हायकोर्ट’ होते आणि ‘दणका’ अगदी शेवटी येऊन आदळतो. घरपोच येणाऱ्या दैनिकाला एवढी घाई नसते, तिथे कर्ता, कर्म, क्रियापद सगळे मावते. ‘दणका’ला हलका शब्द मानणाऱ्यांशी माझे मुळीच पटत नाही. गंभीर पत्राची भाषा जडच हवी, हेही खरे नाही. ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा ‘केसरी’चा १८९७ चा मथळा. घराच्या ओट्यावर बसून कोणीही बोलेल असे वाक्य आहे ते, आणि त्याची धार आजही जाणवते.

पण या तीन शब्दांचे अर्थही वेगळे आहेत, आणि मला ते जपावेसे वाटतात. फटकारणे तोंडी असते. ‘आणखी किती जणांचे जीव गेल्यावर खड्डे बुजवणार?’ असे न्यायमूर्तींनी भर सुनावणीत वकिलाला विचारले, तर ते फटकारणे. ताशेरे म्हणजे प्रतिकूल शेरे. न्यायालयाच्या बातमीत हा शब्द शोभतो तो आदेशात किंवा निकालपत्रात उतरलेल्या शेऱ्यांना. ते ज्याच्यावर ओढले जातात त्याला चिकटून राहतात, पुसायचे तर वरच्या न्यायालयात धाव घ्यावी लागते. आणि दणका बसला म्हणायचा तर दंड, स्थगिती, मुदत असे काहीतरी पदरात पडलेले हवे.

हा फरक किती खरा आहे ते २०२१ मध्ये दिसले. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत प्रचारसभा रोखल्या नाहीत म्हणून निवडणूक आयोगावर खुनाचा गुन्हा दाखल व्हायला हवा, असे मद्रास उच्च न्यायालय एप्रिलमध्ये सुनावणीत म्हणाले. हे उद्गार आयोगाला फार लागले आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेला. ६ मेच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उद्गार कठोर होते हे मान्य केले, पण ते तोंडी होते, न्यायालयीन नोंदीत नव्हतेच, तेव्हा वगळण्याचा प्रश्न येत नाही, असे सांगितले. तोंडी शेऱ्यांच्या बातम्या छापायलाही बंदी घातली नाही. म्हणजे त्या दिवशी ‘फटकारले’ छापणाऱ्याचा शब्द बरोबर होता. ‘ताशेरे’ वाचणाऱ्याला मात्र आदेशात काही लिहिले गेले, असे वाटून गेले असते.

तेव्हा तुमच्या बातमीत न्यायालय नुसतेच रागावले असेल तर ‘फटकारले’ किंवा ‘खडसावले’ घ्या. सूर समजावणीचा असेल तर ‘कान टोचले’. आदेश हातात पडेपर्यंत ‘दणका’ राखून ठेवा, मग पेपर दुपारचा असो की सकाळचा. ‘ताशेरे’ बहुतेक अनेकवचनीच येतात. ते ओढतात किंवा झाडतात, दोन्ही रूढ आहे.