भातानं टाके पिकतात का?

खानापूर तालुक्यातल्या एका काकूंच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनला २५ दिवस झाले होते. टाके सुकलेले, ताप नाही. तरी खुर्चीतून उठायचं तर दोन्ही हातांनी जोर लावावा लागायचा. बांगड्या सैल होऊन कोपरापर्यंत सरकत होत्या. "अंगात जीवच नाही बघा मॅडम," एवढंच म्हणाल्या.

खाणं काय, तर दोन अंडी, डाळीचं पाणी, थोडी भाजी. भात सासूबाईंनी बंद केलेला, टाके पिकतील म्हणून. भाकरी मुलानं बंद केलेली. जखम भरायला प्रोटीनच लागतं, असं त्यानं मोबाइलवर ऐकलं होतं. घरची भातशेती असून काकूंच्या ताटात शीत नाही! मला फार वाईट वाटलं, कारण दोघंही काळजीपोटीच हे करत होते.

मुलाला म्हटलं, "प्रोटीन हवंच रे. पण एकट्या मेंदूलाच दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. यकृतातला साठा दिवसभरात संपत येतो. मग शरीर स्नायू मोडून ग्लुकोज तयार करतं, आणि ऑपरेशननंतर ही मोड आधीच वाढलेली असते. जळण नाही म्हणून घराचे वासे चुलीत घालावेत, तसं चाललंय आईचं."

सासूबाईंना सांगितलं, "आज्जी, पू जंतूंमुळे होतो, भातामुळे नाही." त्या जरा थांबल्या. "आणि शिळ्या भातानं?" शिळा नकोच, तो पोट बिघडवू शकतो, ताजा घाला, म्हटलं.

काकूंची शुगर तपासून घेतली, नॉर्मल निघाली. वाढलेली असेल तर जखम भरायला वेळ लागतो. अशा वेळी भात-भाकरीचं प्रमाण मी डॉक्टरांना विचारूनच ठरवते.

सकाळी नाचणीची आंबील, दुपारी दोन पळ्या मऊ भात, वर वरण आणि तूप, चार वाजता उकडलेलं रताळं, रात्री दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी. अंडी तशीच ठेवली. इतके दिवस पोट आवळलेलं, त्यामुळे एकदम भरपेट नाही. रोज थोडं थोडं वाढवायला सांगितलं.

तीन आठवड्यांनी काकू आल्या. जाताना खुर्चीला हात न लावता उठल्या. बांगड्या मात्र अजून सैलच होत्या.