वाचता वाचता विणायचं असेल तर

पुस्तक समोर ठेवून विणायला नक्षी किंवा वेण्यांचा नमुना घेऊ नका. सगळ्या ओळी सुलट विणायच्या असा साधा मफलर घ्या. मध्यम जाडीची लोकर, ४ मिमीच्या सुया, ४० टाके. आधी २५ टाक्यांचा नमुना विणून मोजा: १० सेंमीत २० टाके बसले तर रुंदी २० सेंमी, १८ बसले तर २२ सेंमीच्या पुढे जाईल. काळी लोकर नकोच, तिच्यात टाके दिसत नाहीत.

पान उलटायचं ते ओळ संपल्यावर. मध्येच थांबून सुया खाली ठेवल्या की परत उचलताना हमखास अदलाबदल होते आणि अर्धीच ओळ उलट दिशेला विणली जाते. मग एका बाजूला दोन ओळी जास्त, मधे भोक. खूण सोपी आहे: गुंड्याकडून येणारा धागा ज्या सुईवर आहे ती उजव्या हातात.

दर दहा ओळींनी टाके मोजा. ४० चे ४१ झाले असतील तर बहुतेक कडेला गडबड आहे. ओळ सुरू करताना धागा सुईवरून मागे ओढला गेला, की पहिल्या टाक्याचे दोन पाय वर येतात आणि ते दोन टाके म्हणून विणले जातात. धागा खाली, पुढे ठेवूनच सुई घाला. ३९ झाले तर बहुतेक टाका सुटलाय. ओढाताण न करता त्यात लगेच सेफ्टी पिन अडकवा, नाहीतर तो खाली उसवत जाईल.

पुस्तक जाडजूड असेल तर स्टँड हवाच. कादंबरीचा शेवट आला की मात्र सुया बाजूला; तिथे हात आपोआप आवळतात, टाके घट्ट होतात.