"बिझनेस म्हणजे बिझनेस" म्हणणाऱ्या एजंटला आधी सीटमॅप उघडायला सांगा

तुमची पोस्ट वाचली. आई-बाबांचं कोल्हापूर–मुंबई–युरोप–बॉस्टन असं बिझनेसचं तिकीट, मुंबईहून मोठं विमान, पण अटलांटिक ओलांडायला एअरबसचं छोटं ए३२१, मधे एकच वाट (आइल) असलेलं. त्यात आता वेळ बदलल्याची मेल आलीय आणि एजंट म्हणतो, "बिझनेस म्हणजे बिझनेस, कशाला काळजी करता?" अगदी हेच वाक्य आपल्याच शहरातल्या एका ऑफिसात मी ऐकलंय, म्हणून जरा लांबण लावतो. व्हिसा, पासपोर्टवरचं नाव, इन्शुरन्स हे तुम्ही बघितलं असेलच.

आधी भीती काढून टाका. छोटं विमान समुद्रावर जातं यात नवं काही नाही. बोइंग ७५७ कित्येक वर्षं हेच करत आलंय. ए३२१चे लांब पल्ल्याचे दोन प्रकार आहेत, एलआर आणि एक्सएलआर. एलआरचा पल्ला कंपनीच्या आकड्यांत ७,४०० किमी, एक्सएलआरचा ८,७०० किमी. युरोपच्या पश्चिम टोकापासून बॉस्टन पाच हजार किमीच्या आसपास. हिवाळ्यात पश्चिमेकडे जाताना समोरचा वारा जोरात असतो, त्यामुळे जुनी ७५७ कधीकधी कॅनडात गँडर किंवा गूज बेला तेल भरायला उतरायची. नव्या विमानांना त्या अंतरावर ती वेळ सहसा येत नाही.

खरा प्रश्न सीटचा. एकाच आइलच्या विमानात "बिझनेस" या एका शब्दाखाली चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात. अमेरिकेच्या जेटब्लूच्या एलआरमध्ये आणि स्पेनच्या आयबेरियाच्या एक्सएलआरमध्ये (हे २०२४च्या नोव्हेंबरात माद्रिद–बॉस्टनवर सुरू झालं) १-१ मांडणी आहे: प्रत्येकाला खिडकी, प्रत्येकाला आइल, सीट पूर्ण आडवी. पोर्तुगालच्या टॅप आणि आयर्लंडच्या एअर लिंगसच्या एलआरमध्ये १६ सीटा, एक रांग २-२, पुढची १-१, अशा आलटूनपालटून. याही पूर्ण आडव्या होतात. युनायटेडच्या ७५७मध्ये सगळ्या रांगा २-२, सीट आडवी, पण खिडकीवाल्याला रात्री शेजाऱ्याचे पाय ओलांडून बाहेर यावं लागतं. आणि आइसलँडएअरचं सागा प्रीमियम किंवा एअर ट्रान्सॅटचा क्लब म्हणजे २-२ रिक्लायनर. रुंद, आरामशीर, पण आडवी न होणारी. युरोपातल्या युरोपात तर बिझनेस म्हणजे इकॉनॉमीचीच तीनची सीट, मधली रिकामी ठेवलेली.

तिकिटावर यातलं काहीही कळत नाही. विमानाच्या रकान्यात '३२क्यू' एवढंच असतं, तो कोड साध्या ए३२१निओलाही लागतो आणि एलआरलाही. म्हणून सीटमॅप, म्हणजे विमानातल्या सीटांचा नकाशा, उघडा. बिझनेसच्या रांगांत एका बाजूला तीन सीटा दिसल्या तर ती युरोपातली मधली-रिकामी. एका आड एक रांगेत एकेकटी सीट दिसली तर आडवी होणारी. सगळ्या रांगा २-२ असतील तर मात्र सावध व्हा; ती ७५७ची आडवी सीट असेल किंवा निव्वळ रिक्लायनर. तिथे विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर त्या उड्डाणाचं विमान पाहा. एजंटच्या पडद्यावर विसंबू नका.

आता ती मेल. माझे सगळ्यात जास्त पैसे इथेच गेले, तेही एका 'ओके'पायी. वेळ बदलली की एजंटच्या सिस्टिममध्ये त्या टप्प्याचा स्टेटस 'टीके' होतो. एजंटने तो स्वीकारला की परत 'एचके', म्हणजे पक्का. दिवसाला शंभर बुकिंगा हाताळणारं ऑफिस तुम्हाला न विचारता हे एका दमात उरकून टाकतं. मेलमध्ये ठळक अक्षरांत नवी वेळ असते, विमान बदललेलं असतं ते खाली कुठेतरी. आडव्या सीटचं रिक्लायनर झालं, तरी तिकिटावरचं वर्गाचं अक्षर तेच राहतं. मग तक्रारीला ठरलेलं उत्तर येतं: क्लास बदललेला नाही, तुम्ही बदल मान्य केलेला आहे.

इथे नियमांचा आधार लोकांना वाटतो तेवढा नाही. युरोपियन युनियनच्या २६१/२००४ नियमाप्रमाणे खालच्या वर्गात बसवलं तर ३,५०० किमीपेक्षा लांबच्या उड्डाणाला तिकिटाचे ७५ टक्के परत मिळतात. आपल्या विमान वाहतूक नियामकाने, डीजीसीएनेही २०२३ पासून लांबच्या आंतरराष्ट्रीय उड्डाणाला तेवढेच ठेवलेत. पण बिझनेसच्या जागी बिझनेस नावाचीच रिक्लायनर दिली तर कागदावर वर्ग खाली गेलेलाच नसतो. अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या उड्डाणांसाठी तिथल्या परिवहन खात्याचा नियम जास्त उपयोगी: निघणं सहा किंवा जास्त तास लवकर किंवा पोचणं सहा किंवा जास्त तास उशिरा झालं, किंवा मध्ये थांबा वाढला, तर परतावा मागता येतो. अट एकच, बदल स्वीकारलेला नसावा. (मी वकील नाही. तुमच्या भाड्याच्या अटी स्वतः वाचा.)

म्हणून आज एजंटला लेखी कळवा, व्हॉट्सॲप चालेल पण मेल बरी: "आम्हाला विचारल्याशिवाय कोणताही बदल स्वीकारू नये." जुन्या आणि नव्या सीटमॅपचे स्क्रीनशॉट ठेवा. नवं विमान नको असेल तर बदल न स्वीकारता त्याच कंपनीच्या आडव्या सीटच्या दुसऱ्या उड्डाणाचा क्रमांक आणि तारीख देऊन बदली मागा. नुसतं "काहीतरी चांगलं द्या" म्हटलं की काहीच मिळत नाही. बदल झाल्यावर तिकीट पुन्हा इश्यू झालंय का, तेरा आकडी तिकीट नंबर सगळ्या टप्प्यांना लागतोय का, हे कंपनीच्या साइटवर तपासा. बुकिंग दिसतं पण तिकीट जोडलेलं नसतं, आणि हे चेक-इनच्या काउंटरवर कळतं.

सीट कोणती? आईंचे गुडघे दुखतात लिहिलंय, तर एकेकटी सीट आईंना द्या, दोन्ही बाजूंना टेबल मिळतं आणि कुणाला ओलांडावं लागत नाही. बाबा लगतच्या रांगेत आइलला. सगळ्यात पुढच्या रांगेत पाय ठेवायचा कप्पा बहुधा मोठा असतो, पण समोरच गॅली (विमानातलं स्वयंपाकघर) आणि स्वच्छतागृह. पुढे बिझनेससाठी बहुतेक एकच स्वच्छतागृह असतं आणि वैमानिकही तेच वापरतात. त्या वेळी क्रू ट्रॉली आडवी लावून वाट अडवतो. आईंना आधीच सांगून ठेवा, रांग बघून थांबू नये. केबिनमधला हवेचा दाब साधारण ८,००० फूट उंचीइतका उतरू शकतो. ७८७ किंवा ए३५० या नव्या मोठ्या विमानांत तो ६,०००च्या आसपास राखतात. महाबळेश्वर साडेचार हजारांच्या घरात, त्यावरून अंदाज करा. दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

माझं मत विचाराल तर जाताना आडव्या सीटचा हट्ट नको. पश्चिमेकडचं उड्डाण दिवसा असतं, सात-आठ तास बसून जातात. पैसे घालायचे ते परतीला. बॉस्टनहून रात्रीचं विमान सहा-साडेसहा तासांत युरोपात पोचतं, जेवण आणि नाश्ता वजा जाता झोपेला जेमतेम चार तास. त्यात सीट आडवी नसेल तर पुढचा मुंबईपर्यंतचा प्रवास नकोसा होतो.

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाहून मुंबईचं विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर मध्ये एक रात्र ठेवा, आणि ते सहारला उतरतंय की नवी मुंबईला, हे बघा. कोल्हापुरात हायवेवरच्या तावडे हॉटेलवरून रात्रीची ट्रॅव्हल्स धरून त्याच दिवशी उड्डाण, हे पावसाळ्यात तरी नकोच. २०१९ आणि २०२१ला पुराने हायवेच बंद होता.

आणि कांदा-लसूण मसाला हँडबॅगेत नको. अमेरिकेच्या विमानात ३५० मिलीपेक्षा जास्त पूड केबिनमध्ये नेली की वेगळी तपासणी होते, काढूनही घेतात. चेक-इनच्या बॅगेत घाला, पिशवी डबल करा, उतरल्यावर कस्टम्सला खाद्यपदार्थ असल्याचं सांगा.

नव्या सीटमॅपचा फोटो इथे टाका, बुकिंग क्रमांक झाकून. रांग बघून कुठली घ्यायची ते सांगतो.