आजोबांचा कंदील

प्रश्न : आजोबा भुसावळला रेल्वेत गार्ड होते. माळ्यावर त्यांचा हातकंदील आणि पुठ्ठ्याच्या जुन्या तिकिटांचा डबा सापडला. कंदिलावर जी.आय.पी.आर. अशी अक्षरं आहेत. असा संग्रह वाढवायचाय, सुरुवात कुठून करू?

उत्तर : आधी एक विनंती, कंदील घासू नका! माझा पहिला कंदील मी हौसेनं चिंच लावून लख्ख केला आणि अर्धी अक्षरं घालवून बसलो. कोरडं फडकं पुरे. जी.आय.पी.आर. म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. ती १९५१मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली, म्हणजे तुमचा कंदील बहुधा त्याआधीचा. आतली काच फिरवून पाहा. लाल-हिरवी अजून सरकते का?

तिकिटं एडमन्सन पद्धतीची, म्हणजे जाड पुठ्ठ्यावर आधीच छापून ठेवलेली असणार, साधारण ५७ बाय ३० मिलिमीटरची. प्रत्येकावर अनुक्रमांक असतो, तारीख यंत्रात दाबून उठवलेली असते. तिरप्या उजेडात धरली की ती वाचता येते. लॅमिनेशन मात्र अजिबात नको.

शिकायचं तर वस्तू डोळ्यांनी बघा. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं (अरुंद रुळांच्या रेल्वेचं) संग्रहालय आहे, दिल्लीत चाणक्यपुरीला राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय. जुनी वेळापत्रकं रद्दीत अजून मिळतात, आणि माझ्या मते कंदिलांपेक्षा तीच जास्त बोलतात.

विकत घेताना पावती मागा. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणं १९६६च्या कायद्यानं गुन्हा आहे. ‘यार्डातून काढलीय’ म्हणणाऱ्याकडून फुकटसुद्धा घेऊ नका. आजोबांच्या नोकरीचे कागद असतील तर कंदिलाशेजारीच ठेवा.