कॉम्प्युटर सायन्सच्या विद्यार्थ्याला प्रत्यक्ष प्रोग्रामिंगचा काय उपयोग? पेपरपुरता अभ्यास पुरत नाही का?

पेपर सुटेल, पण विषय हाती लागणार नाही.

बायनरी सर्चच घ्या, म्हणजे क्रमाने लावलेली यादी दर वेळी निम्मी करत हवी ती संख्या शोधणं. मधला इंडेक्स (जागेचा क्रमांक) काढायला आपण सगळे लो आणि हाय, म्हणजे शोधायच्या भागाचे पहिला आणि शेवटचा इंडेक्स, यांची बेरीज करून दोनने भागतो. कागदावर अगदी बिनचूक! पण जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) नेमक्या याच ओळीत बग, म्हणजे चूक, कितीतरी वर्षं दडून होता. २००६ मध्ये तो कोड लिहिणारे प्रोग्रामर जोशुआ ब्लॉक यांनी त्यावर जाहीरपणे लिहिलं. ३२ बिटांच्या इंटमध्ये (पूर्णांक ठेवायच्या प्रकारात) २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. त्यामुळे अ‍ॅरेत (घटकांच्या यादीत) अब्जाहून जास्त घटक असले की बेरीज ऋण होऊ शकते आणि प्रोग्राम कोसळतो. उपाय सोपा आहे: हायमधून लो वजा करा आणि त्याचा निम्मा भाग लोमध्ये मिळवा.

हे स्वतः चालवून पाहिल्यावर ओव्हरफ्लो, म्हणजे संख्या ठरलेल्या जागेत न मावणं, कायमचा डोक्यात बसतो. एरर मेसेज नीट वाचणं, डीबगर (चुका शोधायचं साधन) लावणं, दुसऱ्याचा कोड समजून घेणं (माझ्या मते हे सगळ्यात अवघड) हेही करूनच येतं. थिअरी मात्र सोडू नका, चूक कुठे शोधायची ते तिच्यामुळेच कळतं.

जर्नलमधले प्रोग्राम नुसते उतरवून काढू नका. स्वतः टाइप करा, रिकामा अ‍ॅरे द्या, प्रचंड मोठ्या संख्या द्या आणि कुठे मोडतंय ते बघा.