खोली ठरवण्याआधी

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाजवळ खोली हवी असेल तर सागरमाळ, राजेंद्रनगर, राजारामपुरीच्या गल्ल्या पायी पालथ्या घाल. ‘खोली भाड्याने देणे’ची पाटी गेटवर असते, नाहीतर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला माहीत असतं. एजंट शेवटी.

नुसतं भाडं बघून भुलू नकोस. लाइट, पाणी, मेस, पेट्रोल धरून बेरीज कर. लांबची खोली पाचशेनं स्वस्त आणि पेट्रोल आठशेचं, मग मिळवलं काय? खोलीला मालकाचा वेगळा लाइट मीटर (सबमीटर) असेल तर युनिटचा दर विचार, पहिल्याच दिवशी रीडिंगचा फोटो काढ.

इथला पाऊस मात्र विसरू नकोस. कपाट पुढे ओढून मागच्या भिंतीला तळहात लाव, स्लॅबचे कोपरे बघ. ताजा रंग दिसला की जास्तच संशय घे. रंगाखाली ओल झाकली जाते, जुलैत पापुद्रे सुटतात नि पुस्तकांना बुरशी धरते.

अकरा महिन्यांचा करारही महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं ती जबाबदारी मालकाची. डिपॉझिट ऑनलाइन दे. खोली सोडताना रंगाचे पैसे कापणार का, नोटीस किती दिवसांची, हे करारात लिहून घे. परीक्षा आधी संपते, करार नंतर. भांडणं होतात ती त्या मधल्या भाड्यावरनंच.

मेसचा महिना लगेच भरू नकोस. दोन-चार दिवस ताटाचे पैसे देऊन जेव, आणि रविवारी रात्री मेस चालू असते का तेही विचार.