मागच्या फेरीची उंची फॉर्मवर छापू नका

तुमची पोस्ट काल रात्री दोनदा वाचली. तुमच्या वाढीच्या अभ्यासात घरोघरी जाऊन मोजलेल्या ४१ मुलांची उंची दोन महिन्यांपूर्वीच्या फेरीपेक्षा कमी आली आणि ऑफिसातून निरोप आला, 'मूल कधी आखडतं का? दुरुस्त करून पाठवा.' आता पुढच्या फेरीत मागची उंची फॉर्मवर छापून द्यावी, म्हणजे चूक घरातच पकडता येईल, असं तुमच्या मनात आहे. त्या शेवटच्या ओळीसाठी लिहायला बसले. ताई, हे करू नका. मी केलं होतं.

पुण्याच्या पूर्वेकडच्या गावांत मुलांच्या वाढीच्या एका दीर्घकालीन अभ्यासात मी अकरा वर्षं काढली. आधी मोजमाप घ्यायचे, नंतर सुपरवायझर झाले. अभ्यासाचं नाव घेणार नाही. मी संख्याशास्त्र शिकलेली नाही, त्यामुळे आकडेमोडीचा शेवटचा शब्द तुमच्या तज्ज्ञांचाच. मी फक्त घरात काय घडतं ते सांगू शकते.

उंची कमी का आली, हे तुमच्या पोस्टमध्येच आहे. याच फेरीत मुलांना दोन वर्षं पूर्ण झाली. तोवर तुम्ही आडवं झोपवून लांबी घेत होता, आता उभं करून उंची घेताय. तेच मूल उभं राहिलं की साधारण ०.७ सेंटिमीटर कमी भरतं. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे वाढीचे तक्ते हा फरक धरूनच केलेले आहेत. दोन वर्षांच्या निरोगी मुलाची महिन्याभराची वाढ जवळपास तेवढीच असते. त्यात पावसाळ्यातले ताप-जुलाब, वाकलेला गुडघा, सकाळऐवजी संध्याकाळची भेट, यांतलं काहीही जोडीला आलं की आकडा खाली येतो.

आमच्याकडेही असेच फॉर्म परत यायचे, उंचीभोवती लाल गोल करून. आमच्या डेटा विभागाच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीपेक्षा कमी आकडा भरताच येत नसे. कारण विचारलं तर 'सिस्टीम घेत नाही' एवढंच उत्तर मिळे. ज्यांनी एकदाही रडणारं मूल उंची मोजायच्या पाटीवर धरलं नाही, त्यांनी मूल कसं वाढावं हे आधीच ठरवून टाकलं होतं. आजही आठवलं की राग येतो. पण पुढचा निर्णय माझा होता. फॉर्मच्या उजव्या कोपऱ्यात 'मागील उंची' असा चौकोन मी छापून घेतला. पुढच्या फेरीत एकही मूल आखडलं नाही. सगळ्यांनी कौतुक केलं. चार फेऱ्या तशाच झाल्या.

मग एका दुपारी मी आमच्या सगळ्यात अनुभवी ताईंबरोबर भेटीला गेले. पत्र्याची भाड्याची खोली, सव्वादोन वर्षांची मुलगी, फॉर्मच्या कोपऱ्यात ८१.४ छापलेलं. ताईंनी टाचा टेकवल्या, आईने गुडघे धरले, सरकती पाटी डोक्यावर आली. ८०.९. ताईंनी कागदाकडे पाहिलं, पाटी उचलली, पुन्हा मोजलं. ८१.०. तिसऱ्यांदा मुलगी हात पसरून आईकडे झेपावली, टाचा किंचित उचलल्या गेल्या आणि ८१.६ आलं. ताईंनी ते लिहिलं. बाहेर आल्यावर मी विचारलं तर म्हणाल्या, "मॅडम, पोर आखडेल कशी? पहिली दोन चुकली असणार."

ताई खोटं वागल्या नव्हत्या. कमी आलं की पुन्हा मोजायचं आणि जास्त आलं की लिहून मोकळं व्हायचं, ही सवय मीच त्या चौकोनातून सगळ्यांना लावली होती. त्यामुळे चुका दोन्ही बाजूंना न पडता एकाच बाजूला साचत गेल्या. त्यात बुडाली ती नेमकी न वाढणारी मुलं, ज्यांच्यासाठी आम्ही दारोदार फिरत होतो. फॉर्मवरचा तो चौकोन काढून टाकल्यावर त्या मुलीची उंची ८१.२ भरली. तिची वाढ कित्येक महिने अडली होती आणि आमच्या कागदावर ती व्यवस्थित वाढत होती. तिला डॉक्टरांकडे पाठवायला आम्हाला उशीर झाला, याचं मला अजून वाईट वाटतं. त्या चार फेऱ्यांच्या उंच्या विश्लेषणातून काढाव्या लागल्या. दोन वर्षांच्या मुलाची उंची तिसऱ्या वर्षी जाऊन आणता येत नाही.

माझं ठाम मत आहे की मोजणाऱ्याच्या हातात जुना आकडा असूच नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९७ ते २००३ च्या वाढीच्या अभ्यासात दोघीजणी स्वतंत्रपणे मोजत आणि मगच आकडे ताडून पाहत. लांबी-उंचीत ७ मिलिमीटरपेक्षा, वजनात १०० ग्रॅमपेक्षा किंवा डोक्याच्या घेरात ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर दोघीही पुन्हा मोजत. यात तुलना त्याच दिवसाच्या दुसऱ्या हाताशी होते, मागच्या फेरीशी नाही. आकडा मोठ्याने उच्चारायचा नाही, हेही शिकवा. सुपरवायझर म्हणून तुम्ही दशांशाचा शेवटचा अंक बघत जा. एखाद्या ताईच्या फॉर्मवर .० आणि .५ च दिसायला लागले, म्हणजे आकडा अंदाजाने जुळवला जायला लागला, तर रागावू नका, एक दिवस तिच्याबरोबर जा.

मिलिमीटरने काय बिघडतं असं ऑफिसात कोणी म्हणालं तर त्यांना पुण्याजवळच्याच सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या गर्भवतींच्या पोषणाच्या अभ्यासाची आठवण द्या. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा कितीतरी हडकुळी, पण पाठीवरच्या कातडीच्या घडीत चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. ही गोष्ट कॅलिपरच्या, म्हणजे कातडीची घडी मोजायच्या चिमट्याच्या, मिलिमीटरमध्येच सापडली.

ठोकळे वगैरे देऊन मुलाची समज पाहतात, त्या विकासाच्या चाचणीबद्दलही तुम्ही विचारलंय. रक्त घ्यायच्या आधी चाचणी करा, नंतर ते मूल ठोकळ्याला हात लावत नाही. वेळेआधी जन्मलेल्या मुलाचं वय दोन वर्षांपर्यंत तेवढे आठवडे वजा करून धरा. आईच्या मनःस्थितीचे प्रश्न सासूबाई समोर असताना विचारू नका, त्यांना दुसऱ्या ताईंनी अंगणात गप्पांत गुंतवावं. आणि आईच्या माहेरचा फोन नंबर पहिल्याच भेटीत घ्या. भाड्याच्या खोल्या अकरा महिन्यांनी बदलतात, माहेर बदलत नाही.

आता ती ४१ मुलं. जुने आकडे खोडू नका. मूळ नोंद तशीच ठेवून शेजारी 'झोपवून की उभं' असा रकाना वाढवा. याच आठवड्यात, जुने कागद ऑफिसात ठेवून, प्रत्येकाला झोपवूनही मोजा आणि उभं करूनही. दोन्हींतला फरक सात मिलिमीटरच्या आसपास आला तर ऑफिसला त्या दोन मापांचाच तक्ता पाठवा. आणि झोपवूनही ज्यांची लांबी वाढलेली नसेल, त्यांची यादी त्याच दिवशी तुमच्या डॉक्टरांच्या हातात द्या, फेरी संपायची वाट बघू नका.